हानेम्युले फोटो रॅग 308: अमूर्त रंगीत फोटोंसाठी हा कागद घ्यावा का?

थेट सांगते. तुमचे फोटो फिकट, पिठूळ, धुरकट रंगांचे असतील, म्हणजे भिंतीचा चुना, पावसाळी आकाश, जुन्या दारावरचा उडालेला ऑइलपेंट असलं काही, तर हानेम्युलेचा फोटो रॅग 308 डोळे झाकून घ्या. पण फोटोचा सगळा जीव गडद निळ्यात, गडद लालात किंवा काळपट हिरव्यात असेल तर ऑर्डर द्यायच्या आधी थांबा आणि पुढचं वाचा, कारण अशा प्रिंटवर बरेच पैसे जातात आणि नंतर हळहळ वाटते, आणि त्यात कागदाचा काहीच दोष नसतो, फोटो आणि कागद यांची जोडी जमलेली नसते एवढंच.

मी काढते ते फोटो कसे असतात ते आधी सांगायला हवं, नाहीतर माझं मत तुमच्या कामाचं आहे की नाही ते कळणार नाही. कोकणातली बंदरं, जास्त करून हर्णै, आणि मुंबईत सासून डॉक. होडी पाण्याबाहेर ओढून ठेवली की तिच्या तळावर लाल, निळा, हिरवा असे रंगाचे कितीतरी थर दिसतात, खरवडलेले, परत लावलेले, मिठाने खाल्लेले. मी तिथं अगदी जवळ जाते, होडीचा आकार फ्रेममधून पूर्ण जातो आणि उरतो फक्त रंग आणि त्याच्यावरचे ओरखडे. शिवाय निळ्या ताडपत्र्या, गंजलेले पत्रे, शेवाळ धरलेल्या कंपाउंडच्या भिंती. घरच्यांना फोटो दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला, हे काय आहे? आणि मला तोच प्रश्न थोडा वेळ टिकायला हवा असतो, लगेच उत्तर मिळालं की बघणारा पुढे निघून जातो.

आता अशा फोटोत कागदाचं महत्त्व एवढं का, ते बघा. लग्नाच्या अल्बमचा कागद साधा निघाला तरी नवरीचा चेहरा चांगला आलाय म्हणून सगळे खूश होतात. चेहरा, डोंगर, वाघ, काहीही ओळखीचं असलं की नजर तिथं चिकटते आणि रंग पाच-दहा टक्के इकडेतिकडे झालेला मेंदू माफ करतो. अमूर्त फोटोत चिकटायला काहीच नसतं. लालाच्या शेजारी दुसरा लाल आहे आणि त्या दोघांमधला फरक हाच विषय आहे, तो फरक प्रिंटमध्ये गेला तर विषयच गेला. म्हणून मोबाइलच्या स्क्रीनवर लाइक मिळालेला फोटो भिंतीवर आल्यावर मेल्यासारखा दिसू शकतो. स्क्रीनमधून प्रकाश बाहेर येतो, कागद खोलीतला प्रकाश घेऊन परत देतो, तो कसा परत देतो त्याच्यावर सगळं ठरतं.

ज्यांनी रंगीत फोटोला कला म्हणून जागा मिळवून दिली ते सगळे प्रिंटच्या बाबतीत भयंकर हट्टी होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अमेरिकन फोटोग्राफर विल्यम एगल्स्टनचा 1973 चा लाल छताचा फोटो घ्या, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या ग्रीनवुडमधला. एक उघडा बल्ब, पांढर्‍या वायरी, बाकी सगळं लाल. तो डाय ट्रान्सफर पद्धतीने छापला होता, ज्यात तीन रंगांचे तीन वेगळे साचे करून एकेक रंग कागदावर चढवतात. महागडी आणि किचकट पद्धत, तोवर मुख्यतः जाहिरातवाले वापरायचे. तो लाल साध्या प्रिंटमध्ये तसा येत नाही, आणि तो लाल काढला तर त्या फोटोत उरतं काय, छत आणि बल्ब. 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये एगल्स्टनचं प्रदर्शन झालं तेव्हा टीका भरपूर झाली, कारण कलेचा फोटो म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट असं तोवर बहुतेकांनी धरून ठेवलं होतं.

इंग्लंडचा गॅरी फेबियन मिलर तर कॅमेराच बाजूला ठेवतो. पानं, तेल किंवा पाणी भरलेली काचेची भांडी यांच्यातून प्रकाश सोडून सरळ सिबाक्रोम नावाच्या फोटो कागदावर चित्र घ्यायचा. सिबाक्रोम, नंतर त्यालाच इल्फोक्रोम म्हणायला लागले, हा आरशासारखा चकचकीत असायचा आणि त्याचे रंग अक्षरशः आतून पेटल्यासारखे दिसायचे. तो कागद बनायचा बंद झाला आणि त्याच्यासारख्या कलाकाराच्या हातातलं माध्यमच गेलं. वोल्फगांग टिलमन्सचं दुसरं टोक आहे. त्याच्या फ्राइश्विमर मालिकेतली चित्रंही कॅमेर्‍याशिवाय, डार्करूममध्ये फोटोच्या कागदावर प्रकाश फिरवून केलेली, बघताना पाण्यात शाई सोडल्याचा किंवा केस तरंगल्याचा भास होतो पण तिथं ना पाणी आहे ना शाई. आणि हाच माणूस मोठे इंकजेट प्रिंट फ्रेम न करता नुसत्या क्लिपांनी भिंतीवर लावतो, वळलेल्या कागदाच्या कडांचेच फोटो काढतो. म्हणजे त्याच्या लेखी कागद ही मुळात एक वस्तू आहे, तिला जाडी आहे, वजन आहे. 2000 साली त्याला टर्नर प्राइझ हे ब्रिटनमधलं मोठं कला-पारितोषिक मिळालं, ते मिळवणारा तो पहिला फोटोग्राफर.

हे सगळं सांगायचं कारण, कागद निवडणं हे फोटो काढून झाल्यावरचं उरलेलं काम आहे असं समजू नका. ते फोटो काढण्याचाच भाग आहे.

तर कागद. हानेम्युले ही जर्मनीतली जुनी कंपनी, 1584 सालापासूनची, बॉक्सवर कोंबड्याचं चित्र असतं. फोटो रॅग 308 म्हणजे शंभर टक्के कापसाचा, ॲसिड-फ्री, मॅट, 308 जीएसएम (एका चौरस मीटरला 308 ग्रॅम) वजनाचा कागद. याच नावाचे हलके आणि जाड प्रकार पण आहेत, 188 आणि 500 चे, पण प्रिंट लॅबमध्ये फोटो रॅग म्हटलं की बहुतेकदा 308 च काढून देतात. हातात घेतला की पहिल्यांदा त्याचा पोत जाणवतो, अगदी हलका, जलरंगाच्या कागदासारखा खडबडीत नाही, बोट फिरवल्यावर कळेल आणि दोन हातांवरून जेमतेम दिसेल एवढाच. हे अमूर्त फोटोंसाठी फार चांगलं आहे कारण फोटोतला पोत आणि कागदाचा पोत भांडत नाहीत. मी जास्त खरबरीत कागदांवर पण भिंतीचे फोटो छापून बघितलेत आणि तिथं बघणार्‍याला कळतच नाही की हा खड्डा भिंतीचा आहे की कागदाचा, काही जणांना ते आवडतं, मला नाही आवडत. पांढरा रंग किंचित ऊबदार आहे, साध्या फोटो पेपरच्या निळसर पांढर्‍यापुढे ठेवला तर लगेच लक्षात येतं, एकटा बघितला तर छान पांढरा वाटतो.

आता प्रिंट. माझ्याकडे प्रिंटर नाही, मी पिगमेंट शाईच्या मोठ्या प्रिंटरवर लॅबमधून छापून घेते. एकाच वेळी काही फोटो फोटो रॅगवर आणि तेच फोटो बॅरायटा कागदावर (तो चकाकी असलेला, थोडा जुन्या डार्करूम प्रिंटसारखा दिसणारा) काढून घेतले, आणि खिडकीशेजारी भिंतीला टेकवून दिवसभर वेगवेगळ्या उजेडात बघितले.

सगळ्यात आधी चुन्याची भिंत. एका जुन्या घराची भिंत आहे, पिस्त्याच्या हिरव्या रंगावर कधीतरी गुलाबी मारलेला, त्याचे पोपडे गेलेत आणि खालून पांढरा चुना. सगळे रंग फिकट, कुठंच काळं नाही. फोटो रॅगवर हा फोटो इतका सुंदर आलाय की मी तो फ्रेमच केला नाही बरेच दिवस, नुसता उचलून बघत राहिले. रंग कागदाच्या वर बसलेला वाटत नाही, कागदातच मुरलेला वाटतो, चुन्यात रंग कालवून मारतात तसाच. कुठूनही बघा, चकाकी नाही, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब नाही, डोकं हलवलं तरी फोटो तोच राहतो. बॅरायटावर हाच फोटो तांत्रिकदृष्ट्या काही वाईट नव्हता, पण भिंतीवर प्लॅस्टिक चढवल्यासारखं वाटलं. चुना चकाकत नाही, मग चुन्याचा फोटो का चकाकावा?

पावसाचा फोटो पण तसाच. एसटीच्या काचेवर पाणी वाहतंय, बाहेर भाताची खाचरं, फोकस कशावरच नाही, राखाडी आणि पोपटी यांच्यामधल्या दहा-बारा छटा. असल्या फोटोत एका छटेतून दुसरीत जाताना पट्टे पडायची भीती असते, विशेषतः जेपेग फाइल दिली तर. मी सोळा बिटची टिफ (जेपेगपेक्षा रंगांच्या कितीतरी जास्त छटा साठवणारी फाइल) दिली होती आणि इतकं मऊ आलंय सगळं की शब्द नाहीत. न्यूयॉर्कचा फोटोग्राफर सोल लायटर जे करायचा ना, धुकं धरलेल्या काचेतून, छत्रीच्या कडेवरून, अर्धी फ्रेम कशानेतरी झाकून रंग दाखवायचा, तो मूळचा चित्रकार होता आणि ते दिसतं, तसं काही तुम्ही करत असाल तर हा कागद तुमच्यासाठीच आहे.

मग होडी. इथं गंमत संपते. लाल होडीचा तळ, लालात लाल, एका कोपर्‍यात जवळजवळ काळा झालेला डांबराचा पट्टा. स्क्रीनवर हा फोटो अंगावर येतो. फोटो रॅगवर तो शांत झाला, दोन पावलं मागे गेला. डांबर काळं न राहता गडद कोळशी रंगाचं झालं आणि त्यामुळे शेजारचा लालसुद्धा पडला, कारण काळा जेवढा खोल तेवढा लाल उठतो.

असं का होतं ते समजून घ्या म्हणजे तुम्हीच तुमच्या फोटोचा अंदाज बांधू शकाल. शहाबादी फरशी ओली असली की गडद दिसते आणि वाळली की फिकट, फरशी तीच असते. ओल्या पृष्ठभागावरून प्रकाश एका दिशेने जातो, कोरड्या खरबरीत पृष्ठभागावरून तो सगळीकडे विखुरतो आणि त्यातला थोडा कायम तुमच्या डोळ्यात येतो, त्यामुळे गडद रंगावर एक बारीक पांढरट पडदा राहतो. मॅट कागदाचं हेच आहे, कुठल्याही कंपनीचा घ्या. काळेपणा मोजायचं जे माप असतं, डीमॅक्स, ते चांगल्या मॅट कागदांवर साधारण 1.6 ते 1.7 च्या आसपास येतं आणि बॅरायटा किंवा चकाकीच्या कागदांवर 2.2 च्या वर जातं. हे माप लॉगरिदमचं आहे, त्यामुळे आकड्यात नुसता 0.5 चा फरक दिसला तरी प्रत्यक्षात चकाकीचा काळा मॅटच्या काळ्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी प्रकाश परत देतो. आणि म्हणून मॅटवर फिकट रंगांचं फार काही बिघडत नाही, बिघडतं ते गडद आणि तरीही भडक अशा रंगांचं. होडीचा लाल, ताडपत्रीच्या घडीतला निळा, बाटलीचा हिरवा.

ताडपत्रीचा फोटो तर दोनदा छापून घेतला. पहिल्यांदा घड्यांमधला गडद निळा जांभळट झाला. निळ्याचं हे दुखणं जुनं आहे, कागदाच्या रंगमर्यादेबाहेरचा निळा आत ओढताना तो जांभळ्याकडे सरकतो, प्रोफाइलच्या (अमुक प्रिंटर आणि कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणार्‍या फाइलच्या) गणिताचा तो परिणाम असतो. दुसर्‍या वेळी मी फाइलमध्येच निळा थोडा हिरव्याकडे वळवला, गडद भाग जरा उचलला, आणि प्रिंटिंगला रेंडरिंग इंटेंट बदलायला लावला. खूप सुधारला. तरी बॅरायटावरचा निळा बघितला की मॅटवरचा विसरायला होतो, ते मान्य करायलाच हवं.

रेंडरिंग इंटेंट हा शब्द ऐकून घाबरू नका, लॅबवाल्याशी बोलताना हाच एक मुद्दा धरून ठेवा. फाइलमध्ये जो रंग आहे तो कागदाला झेपत नसेल तर काय करायचं हे तो ठरवतो. रिलेटिव्ह कलरिमेट्रिक या प्रकारात झेपणारे रंग जसेच्या तसे राहतात आणि न झेपणारे सगळे ओढून कडेला आणले जातात. माणसांच्या फोटोत हे बरं असतं. पण माझ्या होडीत पाच वेगळे लाल कडेबाहेर होते, ते पाचही कडेवर येऊन एकच लाल झाले, आणि त्यांच्यामधले ओरखडे गायब. पर्सेप्चुअल या प्रकारात सगळेच रंग थोडे थोडे दाबले जातात, भडकपणा कमी होतो पण एकमेकांतला फरक बराचसा टिकतो. अमूर्त फोटोत मला फरक हवा असतो, भडकपणा नंतर. त्यामुळे मी भडक फोटोंना पर्सेप्चुअल मागते आणि फिकट फोटोंना रिलेटिव्ह. हानेम्युलेच्या साइटवर बर्‍याच प्रिंटर मॉडेलांसाठी आयसीसी प्रोफाइल फुकट मिळतात, ते उतरवून लाइटरूममध्ये सॉफ्ट प्रूफ (प्रिंट कसा येईल ते स्क्रीनवरच दाखवणारी सोय) लावा, फोटो एकदम निस्तेज दिसेल आणि वाईट वाटेल, पण प्रिंटच्या बरंच जवळ तेच असतं. त्या निस्तेज चित्रावर बसून काम करा.

आणि हो, फोटो काढतानाच लाल चॅनल फुटला असेल, म्हणजे लाल रंग कमाल मर्यादेला जाऊन त्यातला तपशीलच गेला असेल, तर कुठलाच कागद वाचवू शकत नाही. कॅमेर्‍यात साधा हिस्टोग्राम (फोटोत किती उजेड-अंधार आहे त्याचा आलेख) न बघता लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा लावा. भर उन्हात लाल होडी काढताना साधा हिस्टोग्राम ठीक दिसतो आणि लाल एकटा केव्हाच उजव्या भिंतीला जाऊन धडकलेला असतो.

लॅबबद्दल एक तक्रार करायचीच आहे, नाव घेत नाही. एका ठिकाणी मी पिवळा फोटो दिला होता, संपूर्ण पिवळा, हळदीच्या वखारीच्या भिंतीचा, वर थोडा गेरू. परत आला तो राखाडी. त्यांच्याकडे ऑटो करेक्शन चालू होतं, मशीनला वाटलं की फोटोवर पिवळी झाक आलीय ती काढून टाकू. काउंटरवरच्या माणसाने वर मला सांगितलं की मॅडम आता नॅचरल दिसतंय. असं कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं म्हणून सांगते, अमूर्त फोटो देताना लेखी सांगा की कुठलंही करेक्शन लावू नका, फाइल जशी आहे तशी छापा, आणि सोबत कशाचा फोटो आहे ते सांगायच्या फंदात पडू नका, रंग कुठला यायला हवा ते सांगा. शक्य असेल तर तुम्हाला आवडलेला एक छोटा प्रिंट नमुना म्हणून द्या.

दुसरं, मॅट कागदाला मॅट ब्लॅक शाई लागते आणि चकाकीच्या कागदाला फोटो ब्लॅक. काही जुन्या प्रिंटरमध्ये एकातून दुसरीकडे जाताना शाई वाया जाते, त्यामुळे काही लॅब ठरावीक दिवशीच मॅट छापतात. एप्सन पी900 सारख्या नव्या मशीनमध्ये दोन्ही शाया एकाच वेळी तयार असतात, शिवाय त्यात जांभळी शाई जास्तीची आहे, निळ्याला तिचा फायदा होतो. कुठल्या मशीनवर छापणार ते विचारा, चांगली लॅब आनंदाने सांगते.

कापसाच्या मॅट कागदांवर बारीक तंतू असतात. ते छापायच्या आधी मऊ ब्रशने झटकले नाहीत तर शाई तंतूवर बसते, नंतर तंतू पडतो आणि तिथं पांढरा ठिपका. आकाशाच्या फोटोत एक ठिपका म्हणजे सत्यानाश, पोपड्यांच्या भिंतीत शंभर असले तरी कुणाला दिसणार नाहीत. मॅटवर ओरखडाही पटकन पडतो, गडद भागात नखाचा पण डाग राहतो, म्हणून सुती हातमोजे आणि प्रिंटवर प्रिंट ठेवताना मध्ये पातळ कागद. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर हे कागद जपायलाच हवेत. सपाट ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडू देऊ नका, सिलिका जेलच्या पुड्या घाला. फ्रेम करताना काच प्रिंटला चिकटू देऊ नका, मध्ये माउंटबोर्ड हवाच.

आणि फ्रेमचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. मॅट प्रिंट साध्या काचेच्या मागे गेला की त्याचं निम्मं वैशिष्ट्य संपतं. काच चकाकते, आत मॅट आहे की बॅरायटा हे चार फुटांवरून ओळखू येत नाही, मग एवढा खर्च कशाला? फोटो रॅग घ्यायचा तर एकतर प्रतिबिंब न पाडणारी काच लावा, जी महाग असते, नाहीतर काच न लावता धूळ-हात लागणार नाही अशा जागी लावा. साध्या काचेतच जाणार असेल तर सरळ बॅरायटा छापा, निदान काळा तरी खोल मिळेल.

मराठी माणसाला अमूर्त चित्र नवीन नाही. चित्रकार वासुदेव गायतोंडे नागपूरचे जन्माचे, मुंबईच्या जेजेत शिकले, त्यांच्या कॅनव्हाससमोर प्रत्यक्ष उभं राहिलं की रोलरने आणि सुरीने चढवलेले, खरवडलेले थर दिसतात, प्रकाश आतून झिरपल्यासारखा वाटतो, आणि त्याच चित्राचा फोटो मोबाइलवर बघितला तर नुसता एक पिवळा चौकोन. प्रभाकर कोलतेंच्या चित्रांचंही तेच. चित्राच्या बाबतीत आपल्याला हे पटतं की मूळ बघायला हवं. फोटोच्या बाबतीत मात्र फाइल म्हणजेच फोटो असं आपण धरून चालतो, वॉट्सॲपवर पाठवला म्हणजे दाखवला. मला हे मनापासून खटकतं. फोटोग्राफर रघुबीर सिंगनी आयुष्यभर भारत रंगात काढला, तेही जेव्हा गंभीर फोटोग्राफर रंगाकडे नाक मुरडत होते तेव्हा, आणि त्यांचं काम आपण बहुतेक जण छोट्या स्क्रीनवर बघून मोकळे होतो. कॅनडाची जेसिका ईटन राखाडी ठोकळे ठेवते, एकाच फिल्मवर लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरमधून परत परत एक्स्पोजर देते आणि त्यातून असे रंग निघतात जे त्या खोलीत कधी नव्हतेच. हे रंग फक्त फोटोत आहेत. मग ते कुठल्या पृष्ठभागावर उतरतात याला किंमत नाही असं कसं म्हणायचं?

किमतीचं म्हणाल तर लॅबवाले बहुधा चौरस इंचावर दर लावतात आणि फाइन आर्ट कागदाचा दर साध्या फोटो पेपरच्या कितीतरी पट असतो. इथं गणित नीट करा. बारा बाय अठराचा प्रिंट 216 चौरस इंच, चोवीस बाय छत्तीसचा 864, म्हणजे बाजू दुप्पट केली की बिल चौपट. अमूर्त फोटो मोठा हवाच असं नसतं. माझा चुन्याचा फोटो बारा बाय अठराला जवळ ओढतो, मोठा केल्यावर तो भिंतीला मॅच होणारा पडदा झाला. होडी उलट, ती मोठीच हवी.

तुमच्याकडे घरी चांगला पिगमेंट प्रिंटर असेल तर ए4 चा बॉक्स घेऊन सुरुवात करा. फोटो रॅग एकाच बाजूने छापायचा असतो, कुठली बाजू ते कळत नसेल तर कोपर्‍याला किंचित ओलसर बोट लावा, चिकटते ती छापायची. छापून झाल्यावर लगेच निकाल लावू नका, एक दिवस वाळू द्या, आणि बघायचा तो ट्यूबलाइटखाली नको, दिवसाच्या उजेडात, खिडकीतून येणार्‍या पण थेट उन्हात नसलेल्या.

रेटिंग द्यायचं तर फिकट आणि मधल्या रंगांच्या कामाला पाचपैकी पाच, गडद भडक रंगांना तीन. होडीची मालिका मी बॅरायटावरच छापणार आहे, तो निर्णय झाला. ताडपत्र्यांचं अजून ठरत नाहीये, कारण एक फोटो असा आहे ज्यात ताडपत्री उन्हाने विटून पार फिकट निळी झालीय आणि तो फोटो रॅगवर फार देखणा आला, तर बाकीच्या सगळ्या गडद. एकाच मालिकेत दोन कागद वापरले तर भिंतीवर विचित्र दिसेल का, कुणी तसं प्रदर्शन लावलं असेल तर कमेंटमध्ये नक्की सांगा.